पार्शल व्हॉल्यूम करेक्शनची एक्सेल शीट आणि ८ मिलिमीटरचा नोड्यूल

तुम्ही विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलंय की नाही ते तुम्हालाच कळेल. ठाण्यातल्या तुमच्या पेट-सीटी सेंटरमध्ये कुणीतरी पेनड्राइव्हवर एक एक्सेल शीट आणून दिलीय, त्यात गाठीची साइझ, मोजलेला एसयूव्ही (गाठीने औषध किती ओढलं ते दाखवणारा आकडा) आणि बॅकग्राउंड (आजूबाजूच्या भागाचा आकडा) असे तीन आकडे टाकले की "करेक्टेड एसयूव्ही" येतो. फुफ्फुसातल्या ८ मिलिमीटरच्या नोड्यूलचा (छोट्या गाठीचा) १.९ टाकला तर शीटने ५.१ दिला, डॉक्टर म्हणाले हे रिपोर्टमध्ये घालूया, आणि तुम्हाला ते पटत नाहीये पण का पटत नाहीये ते सांगता येत नाहीये.

तुमची शंका बरोबर आहे. गंमत अशी की शीटमधला फॉर्म्युलाही बहुतेक बरोबरच असणार. तो इतका साधा आहे की त्यात चुकायला फारशी जागाच नाही. खरा प्रश्न वेगळा आहे, शीटच्या कुठल्यातरी कोपऱ्यात, कदाचित हाइड केलेल्या कॉलममध्ये, रिकव्हरी कोइफिशंटचे, म्हणजे खऱ्यापैकी किती वाटा मोजमापात दिसतो त्याचे, जे आकडे बसलेत ते कुणाच्या मशीनवरून आलेत? ते तुमच्या मशीनचे नसतील तर ५.१ हा तुमच्या पेशंटबद्दलचा आकडाच नाही.

मी नवी मुंबईत मेडिकल फिजिसिस्ट म्हणून काम करते, अशा शीट बनवणं आणि दुसऱ्यांच्या तपासणं हे दोन्ही नेहमीचं आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पार्शल व्हॉल्यूम इफेक्ट म्हणजे ओल्या कागदावर शाईचा ठिपका टाकल्यावर जे होतं ते. शाई तेवढीच राहते पण ठिपका पसरतो आणि मधला रंग फिका पडतो. ठिपका मोठा असेल तर मधला भाग गडदच राहतो, फक्त कडा पसरतात. बारीक असेल तर सगळाच फिका. पेटमध्येही गाठीतली ॲक्टिव्हिटी (किरणोत्सारी औषधाची मात्रा) बाहेर सांडते, त्याला स्पिल आउट म्हणतो, आणि आजूबाजूची आत येते, ते स्पिल इन. शिवाय व्हॉक्सेलच (इमेजचा सगळ्यात लहान ठोकळा) मोठा असेल तर एकाच व्हॉक्सेलमध्ये अर्धी गाठ नि अर्धं फुफ्फुस येतं, तो वेगळा भाग. ढोबळ हिशोब असा की गाठीचा व्यास इमेजच्या रिझोल्यूशनच्या, म्हणजे एफडब्ल्यूएचएमच्या (बारीक ठिपका इमेजमध्ये किती रुंद पसरतो ते माप), दोन-तीन पटीपेक्षा कमी झाला की आकडा घसरायला लागतो. आणि इथे ब्रोशरमधलं रिझोल्यूशन धरायचं नाही हं, रिकन्स्ट्रक्शननंतर (मशीनच्या डेटातून इमेज बनवल्यावर) जो स्मूदिंग फिल्टर लावता तो धरून जे उरतं ते. मशीनचं ४.५ मिलिमीटर असेल आणि तुम्ही ५ चा गॉशियन फिल्टर लावत असाल तर दोघांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा, ६.७ येतं. म्हणजे २० मिलिमीटरच्या खालच्या सगळ्या गाठी या भानगडीत आल्या.

वस्तूच्या आकाराने मोजमाप कसं बदलतं हे हॉफमन, हुआंग आणि फेल्प्स यांनी १९७९ मध्येच मांडलं आणि रिकव्हरी कोइफिशंट हा शब्द तेव्हापासून आपल्याकडे आहे. बॅकग्राउंड धरून त्याचा अर्थ असा: मोजलेल्यातून बॅकग्राउंड वजा करायचं, खऱ्यातून बॅकग्राउंड वजा करायचं, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. तुमची शीट हेच उलटं करते. मोजलेल्यातून बॅकग्राउंड वजा, भागिले रिकव्हरी, अधिक बॅकग्राउंड. झालं, बाकी सगळी सजावट.

आता ही रिकव्हरी कशाकशावर अवलंबून आहे ते बघा म्हणजे उसनी शीट का चालत नाही ते लक्षात येईल. व्यास तर आहेच. पण रिकन्स्ट्रक्शनमध्ये इटरेशन (गणिताच्या फेऱ्या) किती, सबसेट (डेटाचे तुकडे) किती, फिल्टर किती मिलिमीटरचा, टाइम ऑफ फ्लाइट (फोटॉन पोहोचण्याच्या वेळेतला फरक वापरणं) चालू आहे का, पीएसएफ मॉडेलिंग (मशीनमुळे येणारा धूसरपणा गणितात धरणं) चालू आहे का, व्हॉक्सेल केवढा, हे सगळं. पीएसएफ चालू असेल तर कडेला ओव्हरशूट येतं आणि फॅन्टममधल्या (पेशंटऐवजी स्कॅन करायचं पाणी भरलेलं भांडं) १३-१७ मिलिमीटरच्या स्फिअरमध्ये (पोकळ गोळ्यात) मॅक्सची (सगळ्यात गरम व्हॉक्सेलची) रिकव्हरी १ च्या वरही जाऊ शकते, म्हणजे मशीनच आधी वाढवून दाखवतंय आणि तुम्ही दुसऱ्या मशीनच्या कर्व्हने (व्यासाप्रमाणे रिकव्हरी दाखवणाऱ्या रेघेने) आणखी वाढवताय. आयसोटोपही बघावा लागतो, एफ-१८ च्या पॉझिट्रॉनची कमाल एनर्जी ०.६३ एमईव्ही आणि गॅलियम-६८ ची १.९, तो जास्त लांब जाऊन मग संपतो, म्हणून एफडीजीचा (एफ-१८ लावलेलं साखरेसारखं औषध) कर्व्ह गॅलियमवाल्या पीएसएमए किंवा डोटा औषधांच्या स्कॅनला तसाच लावायचा नाही. आणि सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो आरओआयचा, म्हणजे आकडा ज्या भागातून मोजायचा त्याच्या आखणीचा: कर्व्ह एसयूव्ही मॅक्सवर बनवलेला, आणि वापरताना टाकला ४१ टक्के आयसोकाँटूरचा (कमाल आकड्याच्या ४१ टक्क्यांवर आखलेल्या हद्दीच्या आतला) मीन. दोन्हीचे कर्व्ह वेगळे असतात, बरेच वेगळे. ज्या पद्धतीने फॅन्टम मोजला त्याच पद्धतीने पेशंट मोजायचा, यात सवलत नाही.

त्यामुळे पहिलं काम फॅन्टम. बहुतेक सेंटरला निमाचा (उपकरणांची मानकं ठरवणारी अमेरिकी संस्था) आयईसी बॉडी फॅन्टम असतो किंवा सर्व्हिस इंजिनिअरकडून मिळतो. सहा स्फिअर, आतले व्यास १०, १३, १७, २२, २८ आणि ३७ मिलिमीटर. जुन्या निमा पद्धतीत शेवटचे दोन कोल्ड (ॲक्टिव्हिटीशिवाय) ठेवायचे, पण आपल्याला कर्व्ह हवाय तर सहाही हॉट भरा. सहांचं मिळून फक्त ४८ मिलिलिटर होतं, १० वाला तर जेमतेम अर्धा मिलिलिटर. त्यात ४ मिलिमीटरचा एक बुडबुडा राहिला तरी सहा टक्के व्हॉल्यूम गेलं, म्हणून भरताना स्फिअर तिरपा धरा, सुई तळापर्यंत घालून हळूहळू वर आणा, आणि शेवटी उजेडासमोर धरून बघा. घाईत तेवढंच राहतं आणि मग १० मिलिमीटरचा पॉइंट कर्व्हवर बसतच नाही, लोक सॉफ्टवेअरला दोष देत बसतात.

बॅकग्राउंडला साधारण ९.७ लिटर पाणी लागतं. निमाच्या ५.३ किलोबेकरेल प्रति मिलिलिटरने गेलात तर त्यात सुमारे १.४ मिलिक्युरी एफडीजी, आणि स्फिअर चार पट हवे असतील तर वेगळ्या एक लिटरच्या बाटलीत ०.५७ मिलिक्युरी. थेट ४८ मिलिलिटरपुरतं बनवायला जाऊ नका, इतकी कमी ॲक्टिव्हिटी डोस कॅलिब्रेटरवर नीट मोजताच येत नाही. हे आकडे स्कॅन सुरू होतानाचे आहेत, भरतानाचे नाहीत. आणि आपल्याकडे एफडीजीची गाडी सायन-पनवेल हायवेवर नाहीतर घोडबंदर रोडला अडकली की दिवसभराचं गणित कोलमडतं ते तुम्हाला सांगायला नको, फॅन्टमला शेवटचा पेशंट झाल्यावर उरलेलं मिळतं, किती मिळेल ते सकाळी माहीत नसतं. म्हणून मी शीटमध्ये पहिली टॅब हीच ठेवते, हातात आत्ता किती आहे ते टाकायचं आणि अमुक वाजता स्कॅन करायचा तर किती मिलिलिटर ओढायचं ते शीटने सांगायचं. सिरिंजमधलं उरलेलंही परत मोजून वजा करायचं, तो कॉलम विसरू नका.

वेळेचं एक. एफ-१८ चं हाफ लाइफ जवळपास ११० मिनिटं, म्हणजे डोस कॅलिब्रेटरच्या खोलीतलं घड्याळ आणि स्कॅनरच्या कन्सोलचं घड्याळ यात पाच मिनिटांचा फरक असेल तर तीन टक्के चूक तिथेच झाली. दोन्ही घड्याळं त्या दिवशी जुळवा. एक्सेल वेळ दिवसाच्या अपूर्णांकात ठेवतं, दोन वेळांची वजाबाकी १४४० ने गुणल्याशिवाय मिनिटं होत नाहीत, आणि बऱ्याच शीटमध्ये हाफ लाइफ मिनिटात आणि वजाबाकी दिवसात असं राहून गेलेलं असतं. अशा वेळी डिके करेक्शन जवळजवळ १ येतं, आकडा बघायला एकदम सभ्य दिसतो आणि कुणाला संशय येत नाही.

स्कॅन करताना तुमचा पेशंटचाच प्रोटोकॉल, तेच रिकन्स्ट्रक्शन. सहा पॉइंट मिळाले की त्यातून कर्व्ह फिट करायचा. मी वापरते तो साधा आहे: एक भागिले (एक अधिक, बीटा भागिले व्यास याचा गॅमा घात). बीटा आणि गॅमा हे दोन आकडे एक्सेलच्या सॉल्व्हरने काढायचे, फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करून. बीटाचा अर्थही सरळ आहे, ज्या व्यासाला रिकव्हरी अर्धी होते तो व्यास. पीएसएफमुळे ओव्हरशूट असेल तर हा कर्व्ह बसणार नाही कारण तो १ च्या वर जाऊच शकत नाही, मग करेक्शनसाठी पीएसएफ बंद करून वेगळं रिकन्स्ट्रक्शन काढा, ते मला सगळ्यात सुरक्षित वाटतं. फिट न करता व्हीलुकअपने टेबलमधून आकडा उचलणाऱ्या शीट मी खूप बघते, तिथे अप्रॉक्सिमेट मॅच लावलेला असला की १२.९ मिलिमीटरच्या गाठीला १० ची रिकव्हरी लागते आणि १३ ला एकदम पुढची उडी. तुमची शीट तशी आहे का ते बघा, १२.९ आणि १३.० टाकून बघितलं की लगेच कळेल.

शीट कुणीही दिलेली असो, आणखी चार गोष्टी टाकून बघायच्या. मोजलेला आकडा बॅकग्राउंडइतकाच टाका, उत्तर बॅकग्राउंडच यायला हवं. व्यास ६० टाका, उत्तर जवळपास मोजल्याइतकंच यायला हवं. तुमच्या फॅन्टमचे सहाही स्फिअर पेशंट असल्यासारखे टाका, प्रत्येकाचं उत्तर तुम्ही भरलेल्या कॉन्सन्ट्रेशनच्या आसपास आलं पाहिजे. आणि व्यास ५ टाका. चांगल्या शीटने इथे आकडा द्यायलाच नको, "लागू नाही" म्हणायला हवं, कारण १० च्या खाली तुमच्याकडे मोजलेला पॉइंटच नाही, तिथला कर्व्ह म्हणजे नुसती पुढे ओढलेली रेघ.

आणि तुमचा ५.१ नेमका याच जागी उभा आहे. समजा बीटा १०.५ आणि गॅमा ३ आहे, बॅकग्राउंड ०.५, मोजलेला १.९. व्यास १२ असेल तर रिकव्हरी ०.६० आणि करेक्टेड २.८. सीटीवर व्यास मोजताना एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर? ११ ला ३.१ आणि १३ ला २.६. ठीक आहे, हे पोटात घालता येतं. आता ८ घ्या: रिकव्हरी ०.३१, करेक्टेड ५.१, तुमच्या शीटसारखाच. ९ मोजला असता तर ४.१. ७ मोजला असता तर ६.६. एकाच नोड्यूलवर तुम्ही आणि तुमचे सहकारी एक मिलिमीटरच्या फरकाने कॅलिपर ठेवणार, त्यात कुणाची चूकही नसणार, आणि उत्तर ४.१ ते ६.६ मध्ये कुठेही. शिवाय नॉइजलाही तुम्ही त्याच ०.३१ ने भागताय, म्हणजे तो तिपटीहून जास्त झाला. म्हणून तुम्हाला पटत नव्हतं.

व्यास म्हणजे नक्की काय टाकायचं हेही शीटमध्ये लिहिलेलं नसतं. स्फिअर गोल, गाठी गोल नसतात. १२ बाय ८ बाय ८ ची लांबट गाठ असेल आणि तुम्ही सगळ्यात मोठा व्यास म्हणून १२ टाकला तर करेक्शन कमी होईल, तिन्ही मापांचा गुणाकार करून घनमूळ काढा, ९.२ येतं, आणि हा आकडा १० च्या खाली आहे म्हणजे शीटने थांबायला हवं. खालच्या लोबमधल्या नोड्यूलला श्वासाचाही प्रश्न आहे. सीटी काही सेकंदात होते, पेट एका बेडला काही मिनिटं चालतो, तेवढ्या वेळात डायफ्रामजवळची गाठ सेंटिमीटरभर वरखाली होते, आणि तुमचा फॅन्टम मात्र टेबलावर शांत पडलेला होता. गेटिंग (श्वासाच्या टप्प्यांप्रमाणे डेटा वेगळा करणं) नसेल तर लंग बेसला मी हे करेक्शन लावत नाही. मध्यभागी नेक्रोसिस (मेलेल्या पेशी) असलेल्या गाठीलाही नाही, कारण आत सगळीकडे सारखा अपटेक आहे हे पूर्ण गणिताचं गृहीतक आहे.

आता सगळ्यात धोक्याची परिस्थिती, शेजारी काहीतरी गरम असणं. ब्लॅडर, किडनी, हार्ट. समजा मायोकार्डियमला चिकटून छोटी गाठ आहे, मोजलेला ४, बाजूचं बॅकग्राउंड १, रिकव्हरी ०.५५. शीट म्हणेल (४ वजा १) भागिले ०.५५ अधिक १, म्हणजे ६.५. पण समजा गाठीच्या आरओआयमध्ये जे दिसतंय त्यातला ०.२५ वाटा मायोकार्डियमचा आहे जिथे खरा आकडा १० आहे, आणि ०.२० वाटा बॅकग्राउंडचा. मग ४ मधले २.५ हार्टचे, ०.२ बॅकग्राउंडचे, गाठीचे उरले १.३, भागिले ०.५५, म्हणजे २.४. एकीकडे ६.५ आणि एकीकडे २.४, त्याच इमेजवरून. साधी शीट इथे सरळ उलट्या दिशेला नेते.

यासाठी जी पद्धत आहे ती जिओमेट्रिक ट्रान्सफर मॅट्रिक्स, रूसे, मा आणि इव्हान्स यांनी १९९८ मध्ये मेंदूच्या पेटसाठी मांडली. प्रत्येक भागातून प्रत्येक भागात किती सांडतं त्याचं टेबल करायचं आणि ते उलटं करायचं. तीन भाग असतील तर तीन बाय तीन, आणि एवढं एक्सेल आरामात करतं, एमइन्व्हर्स आणि एममल्ट, जुन्या व्हर्जनमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एंटर दाबायला विसरू नका. पण त्या टेबलातले आकडे एक्सेलमध्ये येत नाहीत, त्यासाठी सीटीवर भाग आखून ते मास्क तुमच्या रिझोल्यूशनने ब्लर करायला लागतात. ते थ्रीडी स्लायसर किंवा पायथनमध्ये करा, किंवा पीईटीपीव्हीसी नावाचा फुकट मिळणारा टूलबॉक्स आहे त्यात सरळ पूर्ण करेक्शनच करा. शीट कुठे थांबते आणि इमेज लेव्हलचं काम कुठे सुरू होतं, माझ्या मते ती रेघ इथे आहे.

मग शीट वापरायचीच कशाला असं वाटेल, तर तसं नाही, दोन ठिकाणी मला ती खरंच लागते. एक, फॉलोअप. केमोआधी २० मिलिमीटरची गाठ, खरा एसयूव्ही ८, वरच्याच कर्व्हने दिसेल ७.१. केमोनंतर गाठ १२ ची झाली पण पेशींची भूक तशीच आहे, खरा ८ च, तर दिसेल ५.०. म्हणजे मेटाबॉलिझम जराही न बदलता २९ टक्के उतरला, आणि पर्सिस्टमध्ये (पेटवरून रिस्पॉन्स ठरवायचे निकष) ३० टक्के उतरला की रिस्पॉन्सचा विचार सुरू होतो. पर्सिस्ट एसयूएल पीकवर (चरबी वगळून धरलेल्या वजनाने काढलेला एसयूव्ही, गाठीच्या सगळ्यात गरम छोट्या भागाचा) चालतं आणि त्यात करेक्शन नसतं, त्यामुळे त्याचा आकडा बदलायचा नाहीच, पण उतरलेल्यातलं किती फक्त आकारामुळे हे डॉक्टरांना शेजारी ठेवून दाखवलं तर त्यांना उपयोग होतो. अर्थात गाठ लहान झाली हीदेखील चांगलीच बातमी आहे, ते विसरून नाही.

दुसरं ल्युटेशियम-१७७ ची डोसिमेट्री, म्हणजे थेरपीत गाठीला किरणांचा डोस किती बसला ते काढणं. ट्रॉम्ब्याच्या ध्रुव रिॲक्टरमध्ये ल्युटेशियम बनतं, वाशीला ब्रिट (किरणोत्सारी औषधं पुरवणारी सरकारी संस्था) आहे, त्यामुळे आपल्या भागात ही थेरपी आता परकी राहिलेली नाही. पण तिथे इमेज स्पेक्टची (गॅमा कॅमेऱ्याची), रिझोल्यूशन पेटपेक्षा कितीतरी जाड, त्यामुळे २०-३० मिलिमीटरच्या गाठीचाही डोस करेक्शनशिवाय कमी निघतो, आणि तिथे आकडा म्हणजे थेट ग्रे (किरणांच्या डोसचं एकक). तिथे करेक्शन न लावणं हीच चूक. कर्व्ह अर्थातच वेगळा, स्पेक्टवर ल्युटेशियमनेच भरलेल्या फॅन्टमचा, आणि किडनीला गोल स्फिअरचा कर्व्ह लावताना जपून.

तुमच्या रिपोर्टबद्दल. निर्णय न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांचा, सही त्यांची आहे. मी तुमच्या जागी असते तर मुख्य आकडा १.९ च ठेवायला सांगितला असता, कारण पुढचा स्कॅन पेशंट कदाचित ऐरोलीला किंवा परळला करेल आणि तिथे कुणी करेक्शन लावलेलं नसेल, तुलना कशाशी करणार. ८ मिलिमीटरला ५.१ हा आकडा कुठेच लिहू नये असं मी स्पष्ट म्हणेन. त्याऐवजी "आकार लहान असल्याने अपटेक प्रत्यक्षापेक्षा कमी दिसत असण्याची शक्यता आहे" हे एक वाक्य डॉक्टरांना सुचवा, तेवढं खरं आहे आणि पुरेसं आहे, पुढे सीटी फॉलोअप करायचा की बायोप्सी ते क्लिनिकल माहितीवर ठरेल. १० च्या वरच्या, एकट्या, स्थिर गाठींना करेक्टेड आकडा द्यायचाच असेल तर कमेंटमध्ये द्या, आणि सोबत कर्व्ह कुठल्या तारखेच्या फॅन्टमचा, कुठल्या रिकन्स्ट्रक्शनचा, व्यास कसा मोजला ते लिहा, आणि एकच आकडा न देता एक मिलिमीटर कमी-जास्त धरून रेंज द्या.

शीटमध्ये कर्व्हच्या सेलना लॉक लावा, फॉर्म्युला खाली ओढताना बीटा-गॅमाच्या रेफरन्सला डॉलर आहे ना बघा (नसेल तर दुसऱ्या ओळीपासून रिकाम्या सेलवर जातो), आणि सॉफ्टवेअर अपग्रेड झालं किंवा कुणी फिल्टर बदलला की त्या दिवसापासून जुना कर्व्ह बंद. इंजिनिअर अपग्रेड करून गेल्यावर हे कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

तुमचा फॅन्टम झाला की सहा स्फिअरचे मोजलेले आकडे, भरलेलं कॉन्सन्ट्रेशन आणि रिकन्स्ट्रक्शनची सेटिंग इथेच टाका, फिट बसतोय का मी बघून सांगते. पेशंटचं नाव, आयडी वगैरे असलेली कुठलीही टॅब त्याआधी काढून टाका, नुसती हाइड करू नका.